छापायचा राहिलेला मासा

डॉक्टर केळुसकर एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसत. कोणी हात जोडले, गळ्यात पडलं, तरी नाही.

डहाणू रोड स्टेशनबाहेरच्या टपरीवर सकाळी चहा पिताना त्यांनी एखादा किस्सा रंगवून सांगितला आणि संध्याकाळी मसोलीत चिकूच्या वखारीवर कोणी तोच मागितला, की डॉक्टर चष्मा काढून पुसायला घ्यायचे. वखारीचे रतिलालशेठ गयावया करायचे, "डॉक्टरसाहेब, पेली वात कहो ने!" डॉक्टर शांतपणे म्हणायचे, "ए तो छपाई गई, शेठ." संपलं! एकदा टपरीवर प्रसिद्ध झालेली गोष्ट वखारीवर पुन्हा प्रसिद्ध करायची नाही. शेठना हवीच असेल तर त्यांनी टपरीवर जाऊन ज्यानं ऐकली त्याच्याकडून ऐकावी, आणि पुढे सांगताना मूळ सांगणाऱ्याचं नाव घ्यावं.

हे खूळ आलं कुठून, ते सांगते. डॉक्टरांचा दवाखाना मसोलीत आणि माझा टायपिंगचा क्लास त्याच्या बरोब्बर समोर. त्यांच्याकडे पोस्टानं दोन-तीन वैद्यकीय मासिकं यायची. बाकीचे डॉक्टर म्हणे त्यात नवीन औषधं बघतात. आमचे डॉक्टर शेवटचं पान आधी उघडायचे. तिथे 'लेखकांसाठी सूचना' असायच्या. कागद केवढा, समास किती, दोन ओळींत अंतर किती, संदर्भ कसे द्यायचे, लेखक कोणाला म्हणायचं, रोग्याला काय विचारायचं. माणसं पोथी वाचतात तसे ते हे पान वाचायचे. स्वतःचा एक ओळीचा लेख तोवर कुठे छापून आला नव्हता, पण नियम मुखोद्गत!

बरं, नियम मासिकापुरते ठेवावेत ना? छे! एकदा रतिलालशेठ म्हणाले, नरपडच्या चिकूसारखा चिकू दुनियेत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "तुमची वाडी कुठे आहे?" शेठ म्हणाले, "नरपडलाच ने!" डॉक्टर म्हणाले, "मग आधी हितसंबंध जाहीर करायचा, नंतर चिकूबद्दल बोलायचं." दिवाळीत मी चकल्या घेऊन गेले तर पहिला प्रश्न, "भाजणी कोणाची?" म्हटलं, सासूबाईंची. "मग चकलीच्या लेखिका दोघी. त्यांचं नाव आधी, कारण खरं काम भाजणीत आहे." मी फटकळ बाई. म्हटलं, "डॉक्टर, सोऱ्या मी दाबलाय, खांदे माझे दुखतायत!" त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "तुमचे आभार मानता येतील. शेवटी."

लग्नपत्रिका आली की मग तमाशाच. निमंत्रकांची नावं असतात ना दहा-बारा, आजोबांपासून चुलत काकांपर्यंत? डॉक्टर लाल पेन घेऊन बसायचे. "यांनी या लग्नात काम काय केलं? मोठे आहेत म्हणून नाव? चालणार नाही. ज्याचं काम जास्त त्याचं नाव आधी. वय, मान, खुर्ची, काही बघायचं नाही." त्यांच्या बायकोनं, शालिनीवहिनींनी, हसत पत्रिका काढून घ्यावी तेव्हा सुटका. वहिनी लग्नाआधी नर्स होत्या. आता दवाखान्याच्या खिडकीत बसून औषधं द्यायच्या आणि नवऱ्याला सांभाळायच्या. दुसरं काम जास्त अवघड.

अशा माणसाच्या हाती एकदा खरोखरच छापण्यासारखी गोष्ट लागली. तलासरीला आठवडी बाजाराच्या दिवशी डॉक्टर आणि वहिनी एका खोलीत दवाखाना लावायचे. पावसाळ्यात एका बाजारच्या दिवशी झरीचा रावजी नावाचा माणूस मेहुण्याच्या सायकलवर बसून आला, डोळे पांढरे, श्वास शिट्टी वाजल्यासारखा. ओहोळात हातानं मासे धरत होता. एक मासा हातात असताना दुसरा दिसला. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून पहिला धरला दातांत. तिकडे सगळेच असं करतात. पण हा मासा जिवंत, बुळबुळीत आणि आगाऊ. तो सरळ घशात शिरला, आणि पाठीवरचे काटे उभे करून तिथे बसला! ओढावा तर काटे रुततात, ठेवावा तर माणूस जातो. तरीही तो मासा निघाला आणि रावजी वाचला.

हे मला कसं ठाऊक? अहो, लेख मीच टाइप केला. नाहीतर डॉक्टर कसले सांगतात! छापायला द्यायचं ते आधी फोडायचं नाही, हाही नियम. आयुष्यातली सर्वांत भारी गोष्ट, आणि ती टपरीवर नाही, वखारीवर नाही, कुठेच नाही. मलाही दम दिला होता, "कुंदाताई, टाइप करणाऱ्यानंही तोंड बंद ठेवायचं असतं." मसोलीत राहून पोटात मासा ठेवायचा म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक. तिकडे रावजीनंही गावात 'घसा सुजला होता' एवढंच सांगितलं होतं.

त्या लेखानं माझा जीव खाल्ला. डॉक्टर फूटपट्टी घेऊन समास मोजायचे. स्वल्पविराम चुकला की पान पुन्हा. आणि त्या लेखात कोणी काही करतच नव्हतं! रोग्याला आणण्यात आलं, तपासण्यात आलं, मासा काढण्यात आला. मी म्हटलं, "भुतानं काढला काय?" तर म्हणे, शास्त्रीय लेखात 'मी केलं' असं मिरवायचं नसतं.

पण एक गंमत मी हेरली. वर लेखकांची नावं दोन होती. पहिलं शालिनी केळुसकर, दुसरं डॉक्टरांचं. मी टाळीच वाजवली. "डॉक्टर! लग्नपत्रिका तपासणारे तुम्ही, आणि स्वतःच्या बायकोचं नाव वर? आज नियम मोडलात बरं का!" डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "जसं लिहिलंय तसं टाइप करा." खिडकीत वहिनी बाटल्यांना लेबलं चिकटवत होत्या, त्या लाजून लाल. मी मनात म्हटलं, चला, या रुक्ष माणसातही प्रेमबीम आहे म्हणायचं. वर्षभर मी दोघांना त्यावरून चिडवलं.

पहिल्या मासिकानं लेख परत पाठवला. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं, त्यामुळे उत्तर येईपर्यंत महिनेच्या महिने वाट बघायची. नकाराचं कारण समजून घ्यायला लेख वापीच्या एका बड्या डॉक्टरांना दाखवला, तर ते म्हणाले, "माझं नाव वर टाका, उद्या छापून येईल." डॉक्टरांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही तलासरीत होता?" विषय तिथेच मिटला. लेख दुसऱ्या मासिकाकडे गेला.

मध्यंतरी वहिनींचं हृदय दुबळं झालं. चार पावलं चालल्या की धाप. मी दुपारी जाऊन बसायची. एक दिवस म्हणाल्या, "कुंदा, लग्नपत्रिकेनंतर माझं नाव कुठे छापलंच नाही गं. एकदा बघायचंय." सहज म्हणाल्या, पण मला गलबलून आलं. त्यानंतर पोस्टमन दिसला की डॉक्टर रोगी सोडून दारात यायचे.

आणि आलं! दुसऱ्या मासिकानं लेख स्वीकारला. डॉक्टर रस्ता ओलांडून माझ्या क्लासमध्ये धावत आले, चपला न घालता. अट एकच, रोग्याची लेखी संमती पाठवा. ती काय, आत्ता आणू! रावजीनं सुरुवातीला तोंडी हो म्हटलंच होतं. मी मराठीत संमतीचा कागद टाइप केला आणि बाजारच्या दिवशी साक्षीदार म्हणून डॉक्टरांबरोबर तलासरीला गेले.

रावजीनं सगळा कागद ऐकून घेतला. सही करता येत होती त्याला, पेनही हातात घेतलं. मग खाली ठेवलं. म्हणाला, "डाक्तर, तेवा हो बोललो. पन आता पोरीचा लगीन जुळवतोय. नको."

"तुझं नाव नाही रे छापत," डॉक्टर म्हणाले. "झरीचा एक माणूस, एवढंच."

"झरीत मासा गिळनारा दुसरा कोन आहे?" रावजी म्हणाला. "पोरीला सासरी हसतील. मासेगिळ्याची पोर बोलतील."

माझ्या जिभेवर आलंच होतं. अरे बाबा, डॉक्टरांची बायको अंथरुणात आहे, तिला एकदा आपलं नाव छापलेलं बघायचंय! मी "रावजीभाऊ, वहिनींना..." एवढं बोलले, तोच डॉक्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला. तेवीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच. "कुंदाताई, दबाव आणायचा नाही." मग रावजीला म्हणाले, "कधीही नाही म्हणायचा हक्क आहे तुला. घसा दाखव बघू. गिळताना दुखतं का?"

परतीच्या एस.टी.त मी धुसफुसत होते. राग डॉक्टरांचाही आला, रावजीचाही, आणि त्या मेल्या माशाचाही. वापीच्या डॉक्टरांना कळलं तेव्हा ते हसले. "करा सही कोणाचीही. झरीत कोण इंग्रजी मासिक वाचतंय?" आमचे डॉक्टर म्हणाले, "त्याला वाचता येणार नाही, म्हणूनच त्याला विचारायचं." त्यांनी लेख परत मागवला. वहिनींना सांगताना मात्र ते पुन्हा पुन्हा चष्मा पुसत राहिले. वहिनीच त्यांना म्हणाल्या, "बरं केलंत हो. पोरीचं जमू दे आधी."

पोरीचं जमलं. लग्नही झालं. त्याच्या पुढच्या महिन्यात वहिनी गेल्या.

तेराव्याला दुपारी दवाखान्यामागच्या अंगणात माणसं बसली होती. डॉक्टर भिंतीला टेकून, कोणाकडे न बघता. रावजी आला, बरोबर लेक आणि जावई. रतिलालशेठनी सहज विचारलं, बाईंना तुम्ही कसे ओळखता? रावजी उभा राहिला. लेकीकडे एकदा बघितलं, आणि सगळ्यांदेखत सांगायला लागला. ओहोळ, दोन मासे, दोन हात, दात. तो मासा घशात शिरला तेव्हा जावयालाच आधी हसू फुटलं, मग लेकीला, मग आम्हा सगळ्यांना. तेराव्याला हसतायत माणसं! रावजी म्हणाला, "हसा, हसा. पोर सुखात आहे, आता काय पन नाय. त्या दिवशी बाईनी माझा डोका मांडीवर धरला, आनि डाक्तरनी मासा काढला, म्हनून मी हितं उभा आहे."

"दुरुस्ती आहे," डॉक्टर म्हणाले.

सगळे वळले. डॉक्टर भिंतीला धरून उठले. "मासा मी काढला नाही. माझा चिमटा दोनदा सुटला. मग मी चिमटा ठेवून दिला. डोकं मी धरलं होतं. रावजीचे डोळे मिटलेले, त्याला कसं कळणार? तिनं दोन बोटं आत घातली, काटे पाठीशी दाबून धरले आणि अलगद ओढला. काम तिचं. म्हणून पहिलं नाव तिचं."

मला वर्षभराचं माझं चिडवणं आठवलं. नियम मोडलात म्हणे! त्या माणसानं नियम मोडला नव्हता हो. नुसता पाळला होता. मी पदर डोळ्यांना लावला तो लावलाच.

त्या दिवसापासून डॉक्टर बदलले. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्यांनी ती गोष्ट सांगितली. संध्याकाळी वखारीवर सांगितली. मग पोस्टमनला, मग औषधं विकायला येणाऱ्या माणसाला, मग पुन्हा टपरीवर. रतिलालशेठ न मागता दर आठवड्याला ऐकायचे आणि दर वेळी तोंडात बोट घालायचे, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. माझ्या क्लासमध्येही डॉक्टर दुपारी येऊन बसायचे. चष्मा पुसायचे आणि सुरुवात करायचे, "कुंदाताई, शालिनीनं एकदा तलासरीला काय केलं, सांगितलं का तुम्हाला?"

"नाही हो, सांगा ना," मी म्हणायची, आणि मशीन थांबवायची.