जावईबापूंची पेटी

माझे सासरे चारचौघांत माझी ओळख "आमचे जावई पंखे बसवतात" अशी करून देतात. पंखे! अहो, उघड्यावरच्या दिव्यांच्या आणि प्रोजेक्टरच्या पेट्या बनवतो मी! आत गरम झालं की पंखा चालू, गार पडलं की हीटर. बाहेर काहीही होवो, आतलं हवामान माझ्या मुठीत, असं मी आमच्या साहेबांनाही ठणकावून सांगतो!

ग्रंथालयाच्या शंभरीला समोरच्या चार मजली भिंतीवर चित्रफीत दाखवायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा मी सासऱ्यांना मुद्दाम बोलावलं. एकदा डोळ्यांनी बघू देत.

"आज बाबांनी तुम्हाला चांगलं म्हटलं नाही, तर मी माहेरचं नाव काढणार नाही," बायको म्हणाली.

एवढा फायदा असेल तर प्रोजेक्टर बंदच ठेवतो, असं मी म्हणालो. अर्थात मनात!

सासरे आले ते भुरभुर पावसात भिजून, कुडकुडत. मी त्यांना थेट पेटीमागे नेलं.

"बाबा, या पंख्यासमोर हात धरा. कशी ऊब येते!"

त्यांनी हात धरला. लग्नानंतर प्रथमच तो चेहरा जरा मवाळ झाला.

"आणि पंख्यासमोर हा बाहेर आलेला दांडा कसला?"

"त्याच्यावरच तर सगळं चालतं! आतून येणारी हवा गरम आहे की गार, हे तोच सांगतो."

"अस्सं!" ते म्हणाले. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली आणि मी पुढे पळालो.

दिवे मालवले. भिंतीवर पहिल्या ग्रंथपालांचा भव्य चेहरा झळकला, टाळ्या पडल्या आणि खेळ खलास! ग्रंथपाल गेले, आणि त्यांच्या जागी पुरुषभर उंचीची अक्षरं आली: "तापमान जास्त. समोरचा अडथळा दूर करा."

सगळ्यांनी ते मोठ्यानं वाचलं. पहिल्या रांगेतले अध्यक्ष निमूटपणे उठून बाजूला झाले.

"तुमची मूठ उघडा आता!" साहेब कडाडले.

मी धापा टाकत मागे गेलो. बघतो तर काय, दांड्यावर सासऱ्यांचा ओलाकच्च मफलर ऐटीत लोंबतोय! पंख्याचं तोंड झाकलेलं, दांड्याला वाटतंय गारठा पडलाय, आणि हीटर बिचारा इमानेइतबारे पेटलेला. मी मफलर खस्सकन ओढला.

"अहो हळू! एक टोक वाळायचं राहिलंय अजून," सासरे म्हणाले.

"बाबा, ही खुंटी नाही!"

"मग खुंटीसारखी का केलीत?"

मी मफलर त्यांच्या हातात कोंबला आणि आधी हीटर बंद केला.

थोड्या वेळानं ग्रंथपाल परत आले, अध्यक्षही परत बसले. साहेब मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

पण परवा एका घरगुती जेवणात सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हे आमचे जावई! कपडे वाळवायची यंत्रं बनवतात. काय झकास काम आहे म्हणता!"

बायकोनं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. आज सकाळी सासूबाईंचा फोन आला, पेटीत रजई मावेल का म्हणून.

मावते. मी मापून पाहिली!