मावशीचे पाच तारे

विद्यापीठाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला कुलगुरूंनी बोलावून घेतलं आणि आपला मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. इंटरनेटवर लोकांनी विद्यापीठाला जेमतेम दोन तारे दिले होते. 'निकाल कधी लागणार?' 'फोन कोणी उचलत नाही.' 'पंखा फिरतो, वारा येत नाही.'

"प्रवेश तोंडावर आलेत," कुलगुरू म्हणाले. "हे बदला. कसं, ते मला सांगू नका."

निकाल लावणं काही अधिकाऱ्याच्या हातात नव्हतं. हातात होता फोन. त्याने मेहुण्याला, साडूला, बायकोच्या मैत्रिणींना गळ घातली. शेवटी मावशीला फोन लावला.

"मावशी, पाच तारे दाब आणि दोन चांगले शब्द लिही. बस."

"अरे, पण मी तुमचं विद्यापीठ बघितलंय कुठे?"

"माझ्यासाठी एवढं कर ना."

"तुझ्यासाठी पाच काय, दहा देईन!"

मावशीने मनापासून लिहिलं: 'माझा भाचा इथे मोठा साहेब आहे. त्याने सांगितलं म्हणून पाच तारे देते. विद्यापीठ चांगलं आहे असं तो म्हणतो. लहानपणी खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. फोनवर कान दिसत नाहीत.'

विद्यार्थ्यांना आयतंच कोलीत मिळालं. दुसऱ्या दिवशी हा मजकूर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर होता. अधिकारी व्हरांड्यातून निघाला की पोरं आधी त्याच्या कानांकडे बघायची. तो मफलर गुंडाळून यायला लागला, तर उकाड्यात मफलर कशाला, म्हणून आणखी बघायची.

मग वार्ताहराचा फोन आला. कुलगुरूंनी तिथल्या तिथे खुलासा सांगितला, अधिकाऱ्याने मान खाली घालून टाइप केला आणि तो पेपरात छापून आला: 'सदर महिलेचे विद्यापीठाच्या कोणत्याही कर्मचाऱ्याशी नाते नाही.'

पेपर आला त्या सकाळी मावशीचा फोन. उचलावा की नाही, यात बरीच रिंग वाजून गेली.

"काढून टाकलं रे मी ते," मावशी म्हणाली. "तुला त्रास झाला ना? मला मेलीला काही कळत नाही यातलं."

"मावशी, ते पेपरातलं..."

"बरोबर दिलंयस तू. कोणी विचारलं तर मीही सांगेन, ओळखत नाही म्हणून. फक्त अधूनमधून जेवायला येत जा."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी गोवर आला तेव्हा हिने रात्रंदिवस उशाशी बसून काढले होते. त्याने समोरचा चहा तसाच बाजूला सारला. त्याने मोबाइल उघडला आणि सगळ्यांना दिसेल असं, स्वतःच्या नावाने लिहिलं: 'ती माझी सख्खी मावशी आहे. तिला मीच लिहायला लावलं. तिने खरं लिहिलं, खोटं मी छापलं.'

तासाभरात कुलगुरूंचं बोलावणं आलं. तो खिशात राजीनामा घेऊनच आत गेला. कुलगुरूंनी स्वतः उठून दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला.

"वाचलं तुमचं."

"सर, हा माझा राजीनामा..."

"ते राहू द्या हो." कुलगुरूंनी आवाज खाली आणला. "त्या ताऱ्यांखाली कोणीतरी लिहिलंय बघा, 'असे तडफदार, दूरदृष्टीचे कुलगुरू लाभणे हे भाग्य.'"

"हो सर. फार छान लिहिलंय."

कुलगुरूंनी दार नीट लागलंय ना, ते पुन्हा पाहिलं.

"आमच्या सासूबाई आहेत त्या," ते म्हणाले. "तुमच्या मावशींना जरा विचाराल का, ते पुसायचं कसं? सासूबाईंना सापडत नाहीये."