गजराबाई आईसाहेबांच्या पाणगवताची हकीकत

श्रीजलदेवतेस नमन असो, जिने दोन्ही तीर सारखेच भिजविले आणि कोणास अधिक-उणे केले नाही. तिचे स्मरण करून, जैसे ऐकिले तैसे लिहितो. शके सोळाशे एक्याऐंशी, प्रमाथी नाम संवत्सरे, आबासाहेब महाराज राज्य करीत होते आणि त्यांच्या मातुश्री गजराबाई आईसाहेब गडावर राहत होत्या. आईसाहेबांची कन्या मथुराबाई नदीपलीकडील राज्यात दिली होती. घर थोर, जावई शूर, आणि गडाच्या सज्जातून पलीकडचा तट दिसे, म्हणून आईसाहेब लग्नात म्हणाल्या होत्या, "लेक हाकेवर दिली." मग घाटावर आधी कोणाची नाव लागावी, या मानावरून दोहों राज्यांत कलागत पडली आणि तलवारी उपसल्या, नावा बंद जाहल्या, आणि महाराजांनी सक्त ताकीद दिली की पलीकडे कागद जाऊ नये, निरोप जाऊ नये. हाकेवरची लेक परदेशी जाहली. आईसाहेब सज्जात बसत आणि दिवस मावळला की उठत.

ऐशात एका फिरंगी सौदागराने महाराजांस काचेचा मोठा हौद नजर केला. महाराजांनी तो मातुश्रींकडे पाठविला की रंगीत मासे सोडावे, मन रमेल. आईसाहेब म्हणाल्या, "मासे मागाहून. आधी घाटाचे पाणगवत आणा." ते फितीसारखे लांब, हिरवे, धारेत डुलणारे; लहानपणी मथुराबाई घाटावर बसून पायाच्या बोटांत धरून ओढीत. मग गवत आले, आणि चिखलाने पाणी गढूळ होते म्हणून नदीची वाळू धुऊन घातली आणि आईसाहेबांनी आपल्या हाताने लावणी केली. काही दिवस पाती टवटवीत राहिली, मग पिवळी पडली, मग कांद्याच्या सालीसारखी होऊन विरघळली. पुन्हा आणविले, पुन्हा तेच. कारभारी म्हणाले, "चांदीची कमळे घडवून घालू, ती कुजत नाहीत." आईसाहेबांनी कमळे घडवू दिली नाहीत.

मनोहरगीर म्हणून गोसावी होते, त्यांस दोन्ही तीरांवर अडथळा नसे. ते भिक्षेस आले तेव्हा आईसाहेबांनी हळूच पुसले, "बाबा, पलीकडे जाता?"

"जातो. पण ताकीद आहे, आईसाहेब. निरोप नेला तर गर्दन जाईल."

"निरोप नाही. इतकेच बोला की घाटाचे गवत वाळूत लाविले, जगत नाही."

चौकीवर शिपायांनी गोसाव्यांस हटकले, "काय नेता?" गोसावी म्हणाले, "गवताची गोष्ट." शिपाई हसले आणि वाट दिली. मग गोसावी परत आले आणि सांगते जाहले, "ताईसाहेब म्हणाल्या, नुसत्या वाळूत कस नसतो. चिखलाचे गोळे वळून सुकवावे, मुळांखाली पुरावे आणि वर वाळू जाड घालावी, पाणी निवळ राहील. जिथून पाती फुटतात तो गड्डा मात्र वाळूवर राहू द्यावा, गाडला की कुजतो. मीही पहिल्याने गाडला होता."

आईसाहेबांनी ऐकिले आणि शेवटचे बोलणे पुन्हा म्हणविले. मग पुसले, "तिने कशात लाविले?"

"न्हाणीमागे दगडी डोणी आहे तीत. सासूबाईंच्या नजरेआड."

आईसाहेबांनी पदर तोंडास लाविला. मग उठल्या आणि गोळे वळावयास बसल्या. पावसाळा सरेतो गवताने मूळ धरिले, वाळूखालून धावऱ्या, म्हणजे आडवे फुटवे, फुटल्या, आणि जेथे काही लाविले नव्हते तेथे नवी पाती वर आली.

एके दिवशी महाराज दर्शनास आले आणि हौदापाशी थबकले. "हे आपल्या घाटाचे. जगले कैसे?"

"मथूने जगविले."

महाराजांचा चेहरा फिरला. "निरोप कोणी नेला?"

"मी पाठविला. शासन मला करावे, नेणाऱ्यास नाही. आबा, ती तेथे चोरून हेच गवत लाविते."

महाराज उभेच राहिले. मग गेले आणि पलीकडे वकील रवाना केला की मायलेकींची भेट व्हावी. पलीकडून जाब आला, आमच्या तीरी यावे. इकडून गेला, आमच्या तीरी यावे. यात हिवाळा गेला. शेवटी ठरले की भेट मध्यधारेत, नावेस नाव बांधून व्हावी, म्हणजे कोणाचे तीर खाली होत नाही.

आईसाहेबांनी बोलावयाचे मनात घोळवून ठेविले होते. लेक समोर आली आणि सर्व विसरल्या. म्हणाल्या, "जेवलीस?"

"जेवले."

"खरे सांग."

"नाही जेवले. तुम्ही?"

"मीही नाही."

मग शिदोरी सोडली आणि एका पानात दोघी जेवल्या. मायलेकींनी एकमेकींचे हात पाहिले. दोघींच्या नखांत चिखल होता, आणि दोघी हसल्या आणि हसता हसता रडल्या. इतक्यात वकिलांनी वेळ सांगितली. मथुराबाई म्हणाल्या, "पुन्हा केव्हा?" आईसाहेब म्हणाल्या, "बोलावतील तेव्हा मी आहेच." दोर सोडले आणि धारेने नावा फिरविल्या, तो एकमेकींकडे पाठी जाहल्या. आईसाहेब नावाड्यास म्हणाल्या, "फिरव रे." तो म्हणाला, "धार सोसत नाही, आईसाहेब." मग त्या आपणच फिरून, तीराकडे पाठ करून बसल्या आणि तीर लागेतो बसून राहिल्या.

येथवर वर्तमान. घाटाचा मान पुढे कोणास मिळाला, हे दोन्ही दरबारांच्या लिहिण्यात निराळे सापडते. भेट एकच जाहली, इतके मात्र दोहोंकडे सारखे आहे.