दोन्ही हातांचा नमस्कार

थायलंडमधल्या आमच्या लाम्पांगच्या घाटात देवाचं एक ठाणं आहे. तिथून जाणारी प्रत्येक गाडी देवाला हॉर्न देऊन पुढे जाते. लग्न होऊन मी सासरी आले आणि सासूबाईंच्या शेवयांच्या गाळ्यावर पिकअपने पातेली पोचवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी मनाशी ठरवलं, आपण हॉर्न वाजवायचा नाही. (हॉर्न वाजवला की मला कुणाच्या तरी अंगावर ओरडल्यासारखं वाटतं. माहेरी मी मांजरालासुद्धा ‘जरा सरकता का’ म्हणायचे.) देवाला कसा, शांतपणे नमस्कार करावा. दोन्ही हात जोडून.

देवाची काही तक्रार नव्हती. पण एके दिवशी मी हात जोडले आणि पिकअप आपल्या मनाने हारांच्या टपरीकडे वळली. टपरीपाशी एक हवालदार देवासाठी हार निवडत होता. कुणाला लागलं नाही. तो चमेलीच्या ढिगातून उठून उभा राहिला तेव्हा क्षणभर मला वाटलं, याचा सत्कारच चाललाय.

“हात कुठे होते तुमचे?” त्याने विचारलं.

मी करून दाखवलं. (गाडी चालूच होती. तेवढ्यात फुलांची आणखी एक टोपली आडवी झाली.)

परवाना स्थगित झाला. परत हवा असेल तर वर्गाला बसा आणि परीक्षा द्या!

माझ्या नवऱ्याचं टोपणनाव बेन्झ. (सासऱ्यांना ती गाडी कधी घेता आली नाही.) तो पहाटेच कारखान्यात जातो, त्यामुळे सासूबाईंनी सासऱ्यांची साइडकारवाली मोटारसायकल बाहेर काढली. साइडकारमध्ये मी, माझ्या मांडीवर रश्श्याचं पातेलं आणि पुढे लाल हेल्मेटमध्ये सासूबाई. बाजारात शिरलो की मिरच्यावाली ओरडायची, “मावशी, आज रस्सा कशाचा? सुनेचा का?”

सासूबाई हसून वेग वाढवायच्या. माझा जीव तुटायचा. या वयात माझ्यापायी त्यांना केवढे कष्ट! परवाना परत मिळवायचाच, दुसरं काही सुचेना.

“काळजी करू नकोस, वानिदा,” बेन्झ म्हणाला. “घाटातल्या देवाला शंभर उकडलेल्या अंड्यांचा नवस बोललोय.”

“आणि मी नापास झाले तर?”

“मग आपण खाऊ.”

परीक्षेच्या दिवशी परवान्याच्या कचेरीत दिव्यांचे रंग ओळखले, ब्रेक वेळेवर दाबला. मग एक वयस्कर साहेब शेजारी बसले आणि मैदानात गाडी चालवायला सांगितली. फाटकापाशी कचेरीच्या देवाचं छोटं देऊळ! माझ्या पुढच्यांनी हॉर्न दिला होता. मी दात आवळले, स्टिअरिंग आवळलं आणि देवाकडे न बघता सरळ पुढे गेले. (मनात माफी मागितली.) साहेबांनी मात्र खिडकीतून देवाला हात जोडले. त्यांचा परवाना त्यांच्या खिशात होता, त्यांना काय!

शेवटी चढ आला. “इथे थांबवून दाखव,” साहेब म्हणाले. मी थांबवली. गाडी जरासुद्धा हलली नाही.

“शाबास, पोरी. इतका शांत हात बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.”

वडीलधारं माणूस कौतुक करतं, तेव्हा आमच्याकडे गप्प बसत नाहीत. माझे हात जोडले गेले. मान झुकली, खांदे झुकले आणि त्याच नम्रपणे ब्रेकवरचा पायही उचलला गेला.

गाडी मागे निघाली.

“ब्रेक!” साहेब ओरडले.

मी घाबरून त्यांना पुन्हा नमस्कार केला.

खाली उतारावर एक मोटारसायकल उभी होती. होती, म्हणजे आता आडवी होती.

“कुणाची हो, साहेब?” मी हळूच विचारलं.

“माझी.” त्यांनी डोळे मिटले. “नमस्कार पोचला, पोरी. पुढच्या वेळी नुसतं हसलीस तरी चालेल.”

घरी सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. “जाऊ दे गं. मी आहे ना, मी सोडेन तुला रोज,” म्हणाल्या. अशी सासू मिळायला भाग्य लागतं, मला वाटलं.

सकाळी उठले तर स्वयंपाकघरात वाफच वाफ. मोठ्या पातेल्यात एक अख्खं डुकराचं मुंडकं शिजत होतं. सासूबाई ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसून गुणगुणत होत्या.

“आई, हे कशाला?”

“घाटातल्या देवाला. नवस फेडायचाय.”

“अहो, पण मी तर नापास झाले.”

“हो ना!” त्यांचा चेहरा उजळला. “लगेच पावला बघ. आता उभी काय राहिलीस, एका बाजूने धर. सगळ्या बाजाराने मिळून बोललेला नवस आहे, मला एकटीला उचलत नाही.”