टाकीला कान लावणारे नाना

आमच्या चिकलठाण्याच्या कारखान्यात पाइनच्या लाकडाला दवा पाजतात. लाकूड लोखंडी टाकीत घालायचं, आतली हवा ओढून घ्यायची आणि दाबानं हिरवी दवा आत घुसवायची, म्हणजे वाळवी फिरकत नाही. दाब दाखवायला काटा आहे. पण आमचे नाना काट्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते टोपी काढून टाकीला कान लावतात.

"पितंय," म्हणतात. नाहीतर, "अजून तहान हाय."

मी सुपरवायझर, डिप्लोमावाला. पण नानांनी मान डोलावल्याशिवाय टाकीचं दार उघडायची माझी टाप नाही. लाकडाला ते 'पाव्हणं' म्हणतात आणि पाव्हण्याला उपाशी वाटेला लावणं त्यांना खपत नाही.

त्या दिवशी बागेतल्या झोपाळ्याचे खांब जायचे होते. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, मालक डोक्यावर उभे होते. काटाही बरोबर होता. नानांनी कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"पाव्हणं प्यायलंच नाय."

"काटा काय खोटं बोलतो? भरा ट्रक!" मालक उखडले.

खांब बाहेर निघाले तसं नानांनी गिरमिटानं एकाला भोक पाडलं. वरवर हिरवं, आत पांढरं फटक. लाकूड ओलं होतं आणि ओलं लाकूड दवा पीत नाही. थप्पीचा फक्त वरचा थर तपासून 'वाळलं' असं मीच लिहून दिलं होतं. नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. नाव मात्र घेतलं नाही.

"भोक पाडून कोण बघतंय? भरा, नाहीतर उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

नाना ट्रकच्या मागच्या फळक्याला पाठ लावून उभे राहिले. "नाय येत. पर हे खांब जायचे नायत."

हमाल थबकले. मला माझीच लाज वाटली. "साहेब, चूक माझी आहे," मी कसंबसं बोललो. मालकांनी दोघांनाही यथेच्छ झापलं आणि ट्रक रिकामा परत पाठवला.

दुपारी डबा खाताना मी म्हणालो, "नाना, नोकरी गेली असती की!"

"पुंडलिकनगरच्या बागेतले खांब हायेत ते," नाना भाकरी मोडत म्हणाले. "माझी नात खेळती तिथं. पोरगा लई वर्सं झाली बोलत नाय, दारात उभं करत नाय. मी रविवारी जाळीबाहेरून बघतो."

मी माझ्या डब्यातली भाजी त्यांच्यापुढे सरकवली.

"परवा जाळीपाशी आली. म्हणली, 'आजोबा, तुम्ही कुणाला शोधताय?' म्या म्हणलं, 'कुणाला नाय, बाळ. खेळ तू.'"