नानांची विश्वमोजणी

नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीतले नाना देवरे कुणाच्याही घरी गेले, की चहाआधी खोलीचा कोपरा काटकोनात आहे का ते मोजतात. भूमिअभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून ते निवृत्त झाले. टेप मात्र खिशात अजून नोकरीवर आहे. माझ्या गृहप्रवेशाला पेढा खाता खाता म्हणाले, "मॅडम, तुमची भिंत बोटभर तिरकी आहे." मी रागावले, तर म्हणाले, "बोलण्यावर जाऊ नका, मोजून घ्या."

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्यांची जिरवावी म्हणून एकदा विचारलं, "नाना, विश्व मोजाल?" आणि सांगितलं, विश्वाच्या बालपणीचा उजेड अजून आकाशभर मंद पसरलेला आहे. त्यात किंचित गरम, किंचित गार ठिपके आहेत. ठिपका मुळात केवढा ते गणितानं कळतं, किती लांब तेही कळतं. अवकाश वाकडं असतं तर ठिपके लहान किंवा मोठे दिसले असते. ते दिसतात साधारण एक अंशाचे, सपाट अवकाशात दिसावेत तेवढेच.

नाना उठून उभेच राहिले. "पाया माहीत, अंतर माहीत, कोन मोजला. अहो, ही तर आमचीच मोजणी! एवढं मोठं विश्व सरळ, आणि तुमच्या बिल्डरला एक भिंत जमेना?"

पुढे महिनाभर विश्व सपाट असल्याची बातमी ते जिन्यात भेटेल त्याला देत होते.

पण मोजणीपायीच नाना एकटे पडले होते. कळवणचं घरचं शेत आठ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः मोजलं. धाकट्या भावाचा, बापूंचा, बांध हातभर नानांच्या वाट्यात सरकलेला निघाला. बापू म्हणाले, "भाऊ पाहिजे की मोजणी?" नाना म्हणाले, "मोजणी." तेव्हापासून अबोला. नानांची बायको गेली तेव्हा बापू आले, न बोलता बसले आणि परत गेले.

परवा दुपारी मी सहज म्हणाले, "नाना, सपाट म्हणजे मोजण्यातल्या चुकीच्या मर्यादेत सपाट हं. बारीकसा बाक असेलही, आपल्या मापात अजून येत नसेल."

"चूक? कुणाची?"

"कुणाचीच नाही. मोजमाप म्हटलं की ती आलीच. मोजणारे निकालाशेजारी तीही लिहून देतात."

"आपण होऊन?"

"आपण होऊन."

नानांनी माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला आणि घरच्या अहिराणीत म्हणाले, "बापू, मी नाना. बांधनी मोजणीमा मन्ही हातभर चूक व्हई सकस."

चूक असू शकते म्हणाले, ती मोजणी त्यांनी तीनदा तपासली होती. चूक नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि त्यांनीच कधीतरी सांगितल्यामुळे मलाही.

पलीकडून बापूंनी विचारलं, "जेवण व्हयनं का?"

नाना नुसतीच मान हलवत राहिले. ती फोनवर दिसत नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.