दर्शनी मोटार

करमाडच्या कडुबा साळवेला मोटार भरता येत नाही, हे एक एप्रिलपासून अधिकृतरीत्या ठरलं. त्याआधीची बावीस वर्षं त्याला ती येत होती.

मोटार भरणं म्हणजे जळालेल्या मोटारीतली करपलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्यामागून वेढा घालत आत बसवायची. जालना रोडला लागून कडुबाचं पत्र्याचं दुकान होतं. आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी तिथं येत, पण घर चालत होतं ते शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या कामावर. कारखान्यात मोटार बंद पडली की फोन यायचा. कडुबा गाडीला किक मारून जायचा, मोटारीला नाक लावायचा आणि कुठली कॉइल गेली ते वासावरून सांगायचा. सहसा चुकत नसे. त्याची बायको गीताबाई सुरुवातीला नुसते वेढे मोजायची, मग घालायलाही लागली. आता तिचा हात आपल्याहून साफ बसतो, असं तो चारचौघांत कबूल करी. फक्त त्या चौघांत गीताबाई नसावी लागे.

तर एक एप्रिलला कारखान्याचं पत्र आलं. यापुढे गेटच्या आत केवळ प्रमाणित कुशल मनुष्यबळासच प्रवेश देण्यात येईल, तरी सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. कडुबा संबंधित होता, त्यानं नोंद घेतली.

"कागद नाय म्हणून मोटारी जळायच्या थांबणारेत का?" गीताबाईनं विचारलं.

"नियम हाय त्यो."

"अन् बावीस वरसं काय करत व्हते मग तुमी? नियमाच्या बाहीर बसून मोटारी भरत व्हते?"

कडुबानं पत्राची घडी करून खिशात घातली. खरं म्हणजे त्याला आतून बरंच वाटलं होतं. दुकानात बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्या फोटोखाली दहावी अर्धवट सोडलेला माणूस बावीस वर्षं बसत होता. शिकायचं तेवढं राहून गेलं, ही बोच त्याला कायमची होती. आता कारखानाच शिक म्हणत असेल, तर नाही कशाला म्हणायचं?

शहरातल्या औरंगपुऱ्यात एका साड्यांच्या दुकानाच्या वर 'उन्नती कौशल्यवर्धन व रोजगारसक्षमता केंद्र' होतं. जिना दुकानातूनच वर जाई, त्यामुळे देशाचं कुशल मनुष्यबळ रोज पैठण्यांच्या मधून वाट काढत घडत असे. केंद्राचे संचालक बद्रीनाथराव मूळचे जमीनदार घरातले. शासनाची नजर ज्या दिशेला वळेल, तिकडे त्यांचं दुकान आधीच थाटलेलं असे. पूर्वी ठिबक सिंचन होतं, मग संगणक साक्षरता झाली, सध्या कौशल्य चालू होतं.

कडुबानं अर्ज भरला. 'पूर्वानुभव' या रकान्यात त्यानं बावीस वर्षं असं लिहिलं. बद्रीनाथरावांनी चष्मा वर केला.

"हे चालत नाही. योजना अकुशल लोकांसाठी आहे. तुम्हाला येतं असं दिसलं, तर तुम्ही लाभार्थी राहत नाही."

"मंग काय लिहू?"

"निरंक."

कडुबानं बावीस वर्षं खोडली, निरंक लिहिलं आणि खाली सही केली. सही मात्र त्याची वळणदार होती.

पहिली अडचण हजेरीची आली. हजेरी अंगठ्यावर होती आणि तांब्याची तार ओढून ओढून कडुबाच्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच झिजून गेल्या होत्या. यंत्र त्याला ओळखेना. चार दिवस तो पहिल्या बाकावर बसून गैरहजर राहिला. पाचव्या दिवशी प्रशिक्षक अतुलसरांनी तोडगा काढला. कडुबाच्या नावापुढे त्यांनी स्वतःचा अंगठा नोंदवला. अतुलसर तेवीस वर्षांचे, स्वभावानं गरीब, आणि याच केंद्राच्या पहिल्या तुकडीतून उत्तीर्ण झालेले होते.

दुसरी अडचण कडुबानं स्वतः ओढवून घेतली. वर्गातला पंखा बंद होता, बाहेर बेचाळीस अंश तापमान होतं, आणि बंद पंखा बघून गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. मधल्या सुट्टीत त्यानं स्टुलावर चढून दहा मिनिटांत पंखा सुरू केला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी बद्रीनाथरावांनी त्याला नोटीस दिली.

"साठा नोंदवहीत हा पंखा नादुरुस्त आहे," ते शांतपणे म्हणाले. "नवीन पंख्याचा प्रस्ताव वर गेलाय. उद्या तपासणीत हा फिरताना दिसला, तर नोंदवही खोटी ठरेल."

"मंग आता?"

"होता तसा करा."

कडुबा पुन्हा स्टुलावर चढला. चालणारी वस्तू बिघडवायचं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं, त्यामुळे त्याला त्यात पाऊण तास लागला. अतुलसरांनी सगळ्या वर्गाला भोवती उभं केलं आणि वहीत लिहून घ्यायला सांगितलं. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक झालं ते हे एकच.

बाकी सगळं शिक्षण काचेच्या कपाटासमोर व्हायचं. कपाटात पाच हॉर्सपॉवरची निळी मोटार होती. तिच्यावर मोहोर होती आणि 'प्रशिक्षणार्थ, हात लावू नये' अशी पाटी होती. अतुलसर पडद्यावर चित्र दाखवत, छडी कपाटाकडे रोखत आणि म्हणत, "अशीच ती आतमध्ये असते." एकदा वर्ग सुटल्यावर त्यांनी कडुबाला जिन्यात गाठलं.

"काका, खरं सांगू? मी उघडी मोटार अजून पाहिलीच नाही. ही तार आत नेमकी कशी बसवतात हो?"

कडुबानं साडीच्या दुकानातल्या एका सुतळीच्या गुंडाळीवर त्याला अर्धा तास शिकवलं. अतुलसर मन लावून शिकले. त्या संस्थेत खरं शिक्षण घेतलेला तो एकमेव माणूस होता, आणि तो प्रशिक्षक असल्यामुळे त्याची हजेरी कुठं लागली नाही.

लेखी परीक्षेत पहिलाच प्रश्न होता: मोटार जळाल्याचे प्रथम लक्षण कोणते? पर्याय होते, मोटार बंद पडणे, ग्राहकाची तक्रार येणे, वरिष्ठांचे लेखी पत्र येणे आणि वरीलपैकी सर्व. कडुबा बराच वेळ 'वास' शोधत बसला. शेवटी शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, तेव्हा त्यानं 'वरीलपैकी सर्व'वर खूण केली. ते बरोबर निघालं.

प्रात्यक्षिक परीक्षेला जिल्हा कार्यालयाचं पथक येणार होतं. पथक आलंही, पण जिना साड्यांतून असल्यामुळे खालीच अडकलं. तेवढ्यात मोटार कपाटातून टेबलावर काढून ठेवा, असं फर्मान निघालं. चौघं जण लागा, असं अतुलसर म्हणेपर्यंत कडुबा पुढं झाला. पाच हॉर्सपॉवरची मोटार कशी उचलायची हे त्याला माहीत होतं. त्यानं कमरेत वाकून, श्वास धरून जोर लावला, आणि मोटार भस्सकन वर आली. ती एका हातात मावली. कडुबा तोल जाऊन मागं गेला.

त्यानं मोटार कानाशी हलवली.

"सर, ही रिकामी हाय."

"रिकामी म्हणजे?" बद्रीनाथराव म्हणाले.

"आत तारच नाय. नुसता डबा हाय."

बद्रीनाथरावांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "दर्शनी मोटार आहे ती. मंजुरीच दर्शनी मोटारीची आहे. फोटोत बाहेरची बाजू येते, आतली येत नाही."

"पर मंग पोरांनी शिकायचं कशावर?"

जिन्यात पावलं वाजायला लागली होती. बद्रीनाथराव जवळ आले आणि अगदी प्रेमानं बोलले.

"कडुबा, मला एक सांगा. तुम्हाला मोटार पाहिजे का प्रमाणपत्र?"

कडुबाच्या डोळ्यांपुढं कारखान्याचं गेट आलं. सहा महिने एकटीनं दुकान ओढणारी गीताबाई आली. बाबासाहेबांचा फोटोही आला, पण तो त्यानं बाजूला सारला. दार उघडलं. पथक साड्यांच्या पिशव्यांसह आत आलं. कडुबानं मोटारीखाली दुसरा हात घातला, कमरेत वाकला, आणि कण्हत कण्हत एकेक पाऊल टाकत ती टेबलापर्यंत नेली.

"लई जड हाय, सायेब," कपाळ पुसत तो म्हणाला. घाम मात्र खराच होता.

प्रात्यक्षिकात त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. शेऱ्यात 'यंत्रसामग्री हाताळण्याची उत्तम जाण' असं लिहिलं होतं.

विशेष प्रावीण्याचं प्रमाणपत्र घेऊन तो दुकानात आला. त्यानं ते बाबासाहेबांच्या फोटोशेजारी टांगलं. तिथंच जेवताना दोनदा वर बघितलं, आणि हात धुतल्यावर उठून ते पलीकडच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या मागं नेऊन लावलं. त्याला लाज वाटत होती.

सोमवारी तो कारखान्यात गेला. एचआरच्या श्रेया मॅडमनी प्रमाणपत्र हातात घेऊन त्याचं मनापासून अभिनंदन केलं. "छान. आता अनुभव?"

"म्याडम, तुमच्याच मोटारी भरल्या की बावीस वरसं."

"तसं नाही. अनुभव प्रमाणपत्राच्या तारखेपासून धरतात." त्यांनी संगणकात पाहिलं. "शनिवारची तारीख आहे. काल रविवार होता. या जागेला प्रमाणित अनुभव तीन वर्षांचा लागतो. आणि हा तुमचा केंद्रातला अर्ज, पूर्वानुभव निरंक. सही तुमचीच आहे ना?"

"सही माजीच हाय."

तेवढ्यात कडुबानं नाक वर केलं. दोनदा हुंगलं.

"म्याडम, तुमची मोटार जळायली. कंप्रेसरची हाय बहुतेक. बंद करायला सांगा लौकर."

श्रेया मॅडम कनवाळूपणे हसल्या. "काका, ते तुम्हाला कसं सांगता येईल? तुम्हाला अनुभव नाही. तक्रार आली की आम्ही नोंदवूच."

तक्रार पावणेबाराला आली. तोवर कडुबा गाडीला किक मारून करमाडच्या वाटेला लागला होता.

प्रमाणित अनुभव मिळण्याची जागा शहरात एकच होती, ती म्हणजे उन्नती केंद्र, आणि तिथं शिकवायला अनुभव लागत नसे. शिवाय अतुलसरांची प्रशिक्षक म्हणून तीन वर्षं त्याच महिन्यात भरल्यामुळे त्यांना शेंद्र्याच्या कारखान्यात मोटार देखभाल तज्ज्ञ म्हणून घेतलं होतं. खुर्ची रिकामी होती. बद्रीनाथरावांनी कडुबाला तिच्यावर बसवलं आणि केंद्राच्या अहवालात शंभर टक्के रोजगार दाखवला.

पहिल्या आठवड्यातच अतुलसर करमाडला आले. टेम्पोत तीन जळक्या मोटारी होत्या.

"काकू, मागच्या दारानं आणल्यात. कुणाला सांगू नका. सुतळीवर येतं मला, तारेवर अजून येत नाही."

"ठिव तिकडं," गीताबाई म्हणाली. "बस. बघून घे जरा, कामाला येईल."

त्या दिवसापासून कारखान्याच्या मोटारी गीताबाईच भरते आणि कारखान्याच्या वहीत त्यांच्यासमोर अतुलसरांची सही असते. संध्याकाळी कडुबा येतो, हात धुतो आणि वेढे मोजायला बसतो. तार हातात घ्यायचं मात्र तो टाळतो. "कागदवाल्याचा हात बिघडला का वं?" असं तिनं एकदा चेष्टेत विचारलं, तर त्याचे डोळे भरून आले. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

नव्या तुकडीत राजनंदिनी नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. तपासणीच्या दिवशी मोटार कपाटातून काढायला तीच आधी धावली. मोटार तिच्या एका हातात आली, तशी ती कडुबाकडं वळली.

"सर, ही हलकी कशी काय? आत काहीच नाय वाटतं."

सगळा वर्ग कडुबाकडं बघायला लागला. जिन्यात पावलं वाजत होती. कडुबानं तोंड उघडलं. आत काय असतं, कसं असतं, हे त्या खोलीत त्याला एकट्याला माहीत होतं, आणि सांगायला पुरेसा वेळही होता.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "तुला मोटार पाहिजे का प्रमाणपत्र?"

राजनंदिनी हुशार होती. तिनं दुसरा हात खाली घातला.

तिला विशेष प्रावीण्य मिळालं. सध्या ती शहरातल्या सदतीस इमारतींच्या लिफ्टच्या मोटारी सांभाळते. त्यांत आपलीही इमारत आहे. आठवत असेल, सोसायटीच्या बैठकीत तळमजल्यावरच्या कुणीतरी करमाडच्या गीताबाईचं नाव सुचवलं होतं. बाई अडाणी आहे पण हात सोन्याचा आहे, असं तो सांगत होता. तेव्हा खुर्चीतून अर्धं उठून, "ते ठीक आहे हो, पण तिच्याकडे सर्टिफिकेट आहे का?" असं विचारणारे आपणच होतात. बैठकीनं आपलं म्हणणं एकमतानं मान्य केलं. आपण सातव्या मजल्यावर राहता.